तक्रार पुढे पाठवली आहे

तू काय काम करतेस असं कुणी विचारलं, तर मी "कॉम्प्युटरवर असते" म्हणून मोकळी होते. खरं सांगायला गेलं की पंधरा मिनिटं जातात, आणि शेवटी समोरचा विचारतो, "म्हणजे वायफाय बंद पडलं तर तुम्हाला सांगायचं का?" नाही हो! वेबसाइटला जे नाव असतं, म्हणजे डोमेन, ती नावं विकणारी आमची कंपनी. कुणीही यावं, नाव घ्यावं, साइट थाटावी. आता कुणीही यावं म्हटल्यावर चोरही येतात. एखाद्या बँकेसारखं, शाळेसारखं, दवाखान्यासारखं नाव घेतात, हुबेहूब तशीच साइट उभी करतात आणि लोकांना गंडवतात. मग लोक तक्रार करतात. ती तक्रार ज्या टेबलावर येऊन पडते, तिथे मी बसते. नऊ वर्षं झाली.

दिवसाला ऐंशी तक्रारी. त्यातल्या निम्म्या अशा, की कपाळावर हात मारावा. "या साइटवरून मागवलेली खुर्ची डुगडुगते." डुगडुगू दे, मी काय सुतार आहे? "या साइटवर माझ्या नणंदेने माझ्याबद्दल वाट्टेल ते लिहिलंय, नणंदेला बंद करा." आणि ज्यांची तक्रार खरी असते त्यांना पत्ता द्यायचं सुचत नाही, तारीख द्यायचं सुचत नाही, नुसतं "चोर आहेत, लवकर पकडा" एवढं लिहून मोकळे. त्यांना मी तयार उत्तर पाठवते: कृपया पूर्ण लिंक, स्क्रीनचा फोटो आणि मूळ मेल जोडावा. निम्मे लोक परत फिरकत नाहीत. नसतील फिरकत तर मी काय करू, असं मी नऊ वर्षं म्हणत आले.

आता बारकीचं सांगते. बारकी माझी धाकटी बहीण. चौतीस वर्षांची आहे, माझ्याहून वीतभर उंच आहे, ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे आणि भल्याभल्या सर्जनना "ग्लोव्ह फाटलाय, बदला आधी" म्हणून दरडावते. पण घरात बारकी ती बारकीच.

सोमवारी संध्याकाळी ती आली ती नाचतच. परदेशातल्या एका नावाजलेल्या हॉस्पिटलचं नेमणूकपत्र मेलवर आलं होतं. हृदयाच्या ऑपरेशनचा विभाग, राहायला जागा, सगळं. आईने डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, "बघू." बारकीने फोन पाठीमागे नेला. गेली तीन वर्षं ती मला काही दाखवत नाही. शेवटी आईनेच तो तिच्या हातातून ओढून माझ्याकडे दिला. "अगं बघू दे तिला, तिला कळतं त्यातलं."

कळतं हीच तर माझी पंचाईत आहे. अर्ध्या मिनिटात मी त्या साइटच्या नावाची नोंद काढली.

"बारके, हे नाव अकरा दिवसांपूर्वी घेतलंय. नोंद कुणालाही बघता येते, ही बघ. त्या हॉस्पिटलची खरी साइट अठरा वर्षांची आहे आणि तिचा पत्ता वेगळा आहे."

"नवीन विभाग काढलाय त्यांनी. नवीन विभागाची साइट नवीनच असणार ना?"

"घेणाऱ्याचं नाव लपवलंय."

"हल्ली सगळेच लपवतात, असं तूच म्हणाली होतीस."

म्हणाले होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

"बरं, खालची बटणं दाब. 'आमच्याविषयी' दाब, 'आमचे डॉक्टर' दाब. उघडतंय काही? नुसती चित्रं आहेत ती."

"मला नोकरी करायचीय ताई, बटणं नाही दाबायचीत."

"आणि मूळ प्रमाणपत्रं कोण मागवतं गं कुरियरने? शहाणी माणसं नक्कल मागतात."

पत्रात तसंच होतं. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत आताच्या नोकरीचा राजीनामा द्यायचा, त्याची पोच मेल करायची आणि सगळी मूळ प्रमाणपत्रं रवाना करायची. तिच्या हॉस्पिटलात राजीनामा म्हणजे राजीनामा. थिएटरच्या जागेसाठी यादी लागलेली असते, एकीने आज टोपी उतरवली की उद्या दुसरी घालते. आणि मूळ प्रमाणपत्रं गेली की दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही. अकरा वर्षांची नोकरी आणि शिक्षणाचे सगळे कागद, एका लिंकवर.

"तुला सगळीकडे चोरच दिसतात," बारकी म्हणाली. "मागच्या वेळीही दिसला होता."

आई एकदम भांडी आवरायला लागली. घरात हा विषय निघाला की आई भांडी आवरते.

मागची वेळ म्हणजे तीन वर्षांपूर्वीची. हृदयाच्या ऑपरेशनच्या खास प्रशिक्षणासाठी तिने अर्ज केला होता आणि एका संस्थेचं पत्र आलं होतं. साइट इतकी भिकार, की रंग डोळ्यांत खुपावेत, मेलचा पत्ता भलताच. मी छातीठोकपणे सांगितलं, खोटं आहे, उत्तर देऊ नकोस. नुसतं सांगितलं नाही, तिच्या देखत ते कचऱ्यात टाकलं. पत्र खरं होतं. संस्था खरी होती, जागा खरी होती आणि ती दुसऱ्या मुलीला मिळाली. मी काय म्हणाले असेन? "असली साइट काढतात, मग लोकांना कसं कळणार!" एवढंच म्हणाले. वर आवाज चढवून.

"खोटी आहे ना?" बारकीने फोन पर्समध्ये टाकला. "मग बंद करून दाखव. तुझं कामच आहे ते. शुक्रवारी बारापर्यंत बंद झाली तर मी राजीनामा देणार नाही. नाही झाली, तर परत या विषयावर एक शब्द बोलायचा नाही."

ते नाव आमच्या कंपनीने विकलं असतं तर मी रात्रीच्या जेवणाआधी ते बंद केलं असतं. पण विकलं होतं दुसऱ्याच कंपनीने. म्हणजे आता मला त्यांच्या खिडकीवर रांगेत उभं राहायचं होतं. मी! नऊ वर्षं खिडकीच्या आतून लोकांना परत पाठवणारी.

मंगळवारी सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या तक्रार केली. कशी करायची हे मला कुणी शिकवायला नको. पूर्ण पत्ता, नाव घेतल्याची तारीख, खऱ्या साइटचा पत्ता, दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी, मूळ मेल. अशी तक्रार मला कुणी पाठवली असती तर मी तिला नमस्कार केला असता. एका मिनिटात उत्तर: कृपया पूर्ण लिंक, स्क्रीनचा फोटो आणि मूळ मेल जोडावा. अरे, जोडलंय ना! डोळे फुटलेत का? मग लक्षात आलं, कुणी वाचलेलंच नाही. यंत्राने पाठवलंय. आमचंही यंत्रच पाठवतं.

पुन्हा पाठवली. तोवर त्या खऱ्या हॉस्पिटलला फोन लावला. बावीस मिनिटं 'थांबा' म्हणून कानात नुसती पेटी वाजत होती. मग एक बाई आल्या, म्हणाल्या, भरतीची चौकशी मेलवर करा. मेल केला. उत्तर आलं, आपला मेल मिळाला, दहा कामकाजाच्या दिवसांत कळवू. मी साहेबांना जाऊन म्हटलं, "तुमची त्या कंपनीत ओळख आहे ना? एक फोन करा." साहेब म्हणाले, "अशी मागच्या दाराने कामं करायला लागलो तर पद्धत काय राहिली?" आणि चहा ढवळत बसले. आमच्या साहेबांना पद्धत पोटच्या पोरासारखी प्रिय आहे.

बुधवारी दुपारी दुसरं उत्तर आलं. आम्ही सदर साइट तपासली असता 'लवकरच येत आहे' एवढाच मजकूर दिसून आला. गैरवापर आढळला नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे.

माझा विश्वास बसेना. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पत्ता टाकला. पांढरं पान, मधोमध 'लवकरच येत आहे'. सोमवारी मी बारकीच्या फोनवरून तो मेल स्वतःला पाठवून ठेवला होता. त्यातली लिंक माझ्या फोनवर दाबली, तर सगळं हॉस्पिटल हजर. हसणारे डॉक्टर, चकचकीत फरशी, 'आपले स्वागत आहे'.

चोर काही दुधखुळे नसतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते वेगळी लिंक देतात, तिच्या शेवटी एक नंबर असतो. त्या लिंकवरून, फोनवरून आलात तर दुकान उघडं. नुसता पत्ता टाकून कॉम्प्युटरवरून आलात, म्हणजे माझ्यासारखं कुणी तपासायला आलंय, की शटर खाली. हे मला माहीत होतं का? होतं. मी स्वतः फोनवरून तपासते का? दिवसाला ऐंशी तक्रारी, कोण बसलंय फोन काढत! कॉम्प्युटरवर उघडायचं, पांढरं पान दिसलं की 'आढळलं नाही' दाबायचं, पुढची घ्यायची. लोक परत लिहितात, अहो आहे हो तिथे, मी रोज बघतोय. मी म्हणते, लोकांना भ्रम होतो.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बुधवारी दुपारी मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

त्या रागातच तिसरी तक्रार भरली. फोनवर साइट कशी उघडते याचं चित्रण केलं, बारकीच्या नंबरासकट पूर्ण लिंक दिली. त्या अर्जात शेवटी एक रकाना होता: कोणाचे काय नुकसान होत आहे ते सविस्तर लिहा, किमान दोनशे अक्षरे. आधीच्या दोन्ही वेळी मी तिथे ऑफिसी भाषेत काहीबाही भरलं होतं. या वेळी लिहीत सुटले. बारकीबद्दल लिहिलं, मागच्या वेळचं लिहिलं, ती माझं का ऐकत नाही तेही लिहिलं. कुणी वाचत नाहीच म्हटल्यावर माणूस मोकळेपणी लिहितो. खाली माझं पूर्ण नाव, तिच्याशी नातं, फोन नंबर. पाठवलं आणि जरा हलकं वाटलं.

गुरुवारी सकाळी अकराला उत्तर आलं. दोनच ओळी. आपली तक्रार योग्य असल्याचे आढळून आले आहे. ती आमच्या ग्राहकाकडे त्यांचे म्हणणे मांडण्यासाठी पुढे पाठवली आहे.

ग्राहक म्हणजे कोण? ज्याने ते नाव विकत घेतलं तो. म्हणजे चोर. माझी तक्रार, माझं नाव, बारकीच्या लिंकचा नंबर, त्या रकान्यातलं अक्षर न् अक्षर उचलून त्यांनी चोराला दिलं होतं. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात त्या ह्याच. आणि मी कुणाच्या नावाने बोटं मोडणार होते? आमच्याकडेही हेच चालतं. तक्रार दमदार असली की एक बटण आहे, 'ग्राहकाकडे पाठवा'. दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्यावं, म्हणून. मी ते बटण नऊ वर्षं दाबतेय. तक्रारदाराचं नाव काढून पाठवावं, असं एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

बारकीचा फोन बंद होता. ती थिएटरमध्ये असली की तो कपाटात असतो. मी पर्स उचलली.

"कुठे निघालात?" साहेबांनी विचारलं.

"पद्धतीला आग लावायला," मी म्हटलं आणि जिना उतरले.

तिच्या हॉस्पिटलात पोचायला दीड वाजला. तिसरा मजला, लांबच लांब बोळ, टोकाला थिएटरची झुलती दारं आणि भिंतीला लागून एक बाक. दोन ऑपरेशनांच्या मधली वेळ असणार. बारकी हिरव्या कपड्यांत, डोक्याला टोपी, भिंतीला टेकून फोन वाचत उभी होती. मला बघून तिने मान वर केली नाही.

"तुझ्यामुळे माझी नेमणूक थांबवलीये म्हणे त्यांनी," ती म्हणाली. "माझ्या बहिणीने त्यांच्याविरुद्ध खोटी तक्रार केलीये. तरीही त्यांना माझ्याबद्दल सहानुभूती आहे. आज तीनच्या आत राजीनाम्याची पोच पाठवली आणि प्रमाणपत्रं रवाना केली, तर नोकरी शाबूत."

"बारके, ऐक..."

"तुझी तक्रार पण जोडलीये सोबत. पुरावा म्हणून."

तिने अंगठ्याने पान वर सरकवलं आणि मोठ्याने वाचायला लागली. सर्जनला दरडावते त्या आवाजात नाही. सरळ, एकसुरी.

"'नुकसान माझ्या बहिणीचं होतंय. तीन वर्षांपूर्वी तिचं खरं पत्र मी खोटं ठरवलं. ती जागा तिची होती. मी तिच्या देखत ते पत्र कचऱ्यात टाकलं आणि नंतर तिच्यावरच ओरडले, कारण चुकलं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. आता ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही आणि त्यात तिची काही चूक नाही. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, हेही मी तिला कधी सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी जिवंत माणूस असेल, तर एकदा फोनवरून उघडून बघा हो.'"

बोळातून एक वॉर्डबॉय रिकामी ट्रॉली ढकलत गेला. तिची चाकं कुरकुरत होती.

"ताई," बारकी म्हणाली, "आमच्याकडे एका पेशंटच्या नातेवाइकाने तक्रार केली, तर ती आम्ही दुसऱ्या नातेवाइकाला वाचायला देत नाही. साधी गोष्ट आहे. खरं हॉस्पिटल असतं तर हे मला पाठवलं असतं का?"

"आमच्या ऑफिसात पाठवतात," मी म्हटलं. खरं ते खरं. "मीच पाठवते."

"मग तुमचं ऑफिस बिनडोक आहे."

"आहे."

तिला हसू आलं नाही. मलाही नाही. तिने फोन बंद केला, डोळे मिटून घेतले आणि डोकं भिंतीला टेकवलं. सोमवारी नाचत आलेली मुलगी ती हीच, हे आठवून मला रडू फुटायच्या बेतात होतं. ती नोकरी नव्हतीच. तो विभाग, ती राहायची जागा, काही नव्हतंच. मी बरोबर होते आणि मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"तीन वर्षं वाट बघितली मी तुझं हे ऐकायची," ती म्हणाली. "आणि आणून दिलं कुणी, तर चोराने."

मी तोंड उघडलं. आतून कुणीतरी तिला हाक मारली. पुढचा पेशंट आत घेतला होता. तिने हिरव्या सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. तिचा राजीनामा. सही केलेला, आजची तारीख घातलेला.

"हे धर. आत कागद नेता येत नाहीत."

दारं झुलली आणि ती गेली.

मी बाकावर बसले. मोठं ऑपरेशन होतं, साडेतीन तास लागतील, असं वॉर्डबॉयने सांगितलं. अडीचला साहेबांचा फोन आला. म्हणाले, बावीस तक्रारी तुंबल्यात, आणि एकाने चौथ्यांदा लिहिलंय की साइट अजून सुरू आहे, काय उत्तर देऊ?

"त्याला लिहा, माफ करा, फोनवरून बघून सांगतो. आणि साहेब, कुणाचीही तक्रार नावासकट पुढे पाठवू नका."

"अहो पण पद्धत..."

"पद्धत गेली खड्ड्यात! तुमच्या बहिणीचं नाव असतं तर पाठवलं असतंत का?"

पलीकडे चहा ढवळायचा चमचा थांबला. मग "बघतो," म्हणाले. साहेबांनी "बघतो" म्हणणं ही पण मोठीच गोष्ट.

तीन वाजले तेव्हा राजीनामा माझ्या मांडीवर होता आणि मी त्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते. सव्वातीनला त्या दुसऱ्या कंपनीचा मेल आला. ग्राहकाने आपला आरोप नाकारला आहे, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? मी फोन उलटा करून ठेवला.

साडेपाचला बारकी बाहेर आली. तोंडावर मास्कच्या दोऱ्यांचे वळ, डोळे लाल. मला बघून थबकली. "तू गेली नाहीस अजून?"

मी उठून उभी राहिले. चार तास मनातल्या मनात जे घोळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तेव्हा."

तिने माझ्या हातातला कागद घेतला, घडी मोडून वरपासून खालपर्यंत एकदा वाचला आणि परत खिशात ठेवला.

"वाचलंय मी," ती म्हणाली. "पुन्हा म्हण."